पहिलं डिजिटल डिले पेडल घेण्याआधी

मी गिटारसाठी पहिलं डिले पेडल (वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं, पायाने चालवायचं यंत्र) घेतलं ते त्यावरचे मोड, म्हणजे आवाजाचे प्रकार, मोजून. बारा होते. घरी हेडफोन लावून वाजवले तेव्हा बाराही आवडले. पंधरा दिवसांनी बँडच्या तालमीत एक संथ गाणं सुरू झालं आणि माझे रिपीट, म्हणजे पेडलमधून परत येणारे सूर, ड्रमच्या पुढे धावू लागले. पेडलला लय देण्यासाठी पायाने टॅप करत होतो ते लयीतच होतं. पण आदल्या रात्री एका बारीक बटणाने मी पाऊण मात्रेचा विभाग (रिपीट मात्रेच्या किती भागाने यावा ते ठरवणारा) निवडला होता, आणि कोणता दिवा लागलाय हे उभ्याने दिसत नव्हतं. गाणं थांबलं. मी गुडघ्यावर बसून बटणं दाबत राहिलो आणि बाकीचे तिघं वाट बघत उभे राहिले.

त्यानंतर पेडल बघताना मी आधी दोनच गोष्टी तपासतो: रिपीट माझ्या वाजवण्याच्या मागे राहतात का, आणि ते उभ्या-उभ्या, पायाने सांभाळता येतात का. पहिल्यांदा पेडल घेणाऱ्याने कोणत्या क्रमाने बघावं ते खाली लिहितो आहे.

१. मिलिसेकंद कानाने ओळखायला शिका

डिले म्हणजे तुम्ही वाजवलेला सूर काही वेळाने पुन्हा ऐकवणं. हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ६८ मीटर लांबच्या कड्यासमोर उभं राहून हाक मारली, तर ती साधारण ४०० मिलिसेकंदांनी परत येते. हा अंदाज एकदा डोक्यात बसला की पेडलवरचे आकडे परके वाटत नाहीत.

३० ते ४० मिलिसेकंदांच्या आत आलेला रिपीट वेगळा ऐकू येत नाही, गिटार फक्त जाड वाटते. ८० ते १४० मिलिसेकंदांवर एकच रिपीट ठेवला की जुन्या रॉकअँडरोल रेकॉर्डमधला ‘स्लॅपबॅक’ मिळतो: सूर भिंतीवर आपटून लगेच परतल्यासारखा. ३०० ते ५०० च्या पट्ट्यात सोलोला खोली येते. त्यापुढे रिपीट सरळ लयीचा भाग बनतात, आणि तिथे हिशेब चुकला की सगळ्यांना कळतं.

पेडलवर तीन नॉब हमखास असतात. टाइम म्हणजे रिपीट किती वेळाने यायचा. फीडबॅक म्हणजे किती वेळा यायचा; काही कंपन्या यालाच ‘रिपीट्स’ किंवा ‘रीजन’ म्हणतात. लेव्हल किंवा मिक्स म्हणजे रिपीट किती मोठा. या शेवटच्या नॉबमध्ये एक फरक दडलेला आहे. ‘इफेक्ट लेव्हल’ असेल तर तो वाढवताना तुमचा मूळ सूर तसाच राहतो. ‘मिक्स’ असेल तर रिपीट वाढतो तसा मूळ सूर कमी होतो, आणि नॉब पूर्ण फिरवला तर मूळ सूर नाहीसाच होतो. सोलोच्या वेळी गिटार अचानक मागे गेली असं वाटलं, तर आधी हा नॉब बघा.

२. तुमच्या गाण्यांना किती वेळ लागतो ते मोजा

दुकानात जाण्याआधी घरी करायचं काम हेच. तुम्ही खरोखर वाजवता अशी पाच-सहा गाणी घ्या, मेट्रोनोमवर त्यांची लय काढा आणि ६०,००० ला त्या आकड्याने भागा. १२० बीपीएमला (बीपीएम म्हणजे मिनिटाला किती मात्रा) एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. अर्धी मात्रा २५०. पाऊण मात्रा ३७५.

ही पाऊण मात्रा नीट समजून घ्या, कारण इंग्रजी माहितीपत्रकात ज्याला ‘डॉटेड एट्थ’ म्हणतात ते हेच. तुम्ही अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सूर वाजवायचे आणि पेडल पाऊण मात्रेने उत्तर द्यायचं. मग रिपीट तुमच्या दोन सुरांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतात आणि एकाच गिटारमधून दुप्पट वेगाची वीण ऐकू येते. यू२ या रॉक बँडचा गिटारवादक द एज या पद्धतीसाठी ओळखला जातो. हे करताना रिपीटचा आवाज मूळ सुराच्या जवळपास आणावा लागतो, नाहीतर वीण विसकटते. इथे वेळ थोडाही चुकून चालत नाही, म्हणून हा प्रकार वाजवणार असाल तर टॅप टेम्पो, म्हणजे पायाने ठोकून लय देण्याची सोय, हवाच.

आता कमाल वेळ. बॉसचं डीडी-३ टी ८०० मिलिसेकंदांपर्यंत जातं. ६०,००० भागिले ८०० म्हणजे ७५. याचा अर्थ ७५ बीपीएमपेक्षा संथ गाण्यात पूर्ण मात्रेचा रिपीट या पेडलवर बसणार नाही. अर्धी किंवा पाऊण मात्रा मात्र आरामात बसेल. त्याच कंपनीचं डीडी-८ दहा सेकंदांपर्यंत जातं. बहुतेकांना ८०० पुरतात. पण तुमच्या यादीत ६५ बीपीएमची दोन गाणी असतील आणि त्यांत तुम्हाला पूर्ण मात्राच हवी असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

३. रिपीटचा रंग: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

डिजिटल डिले सूर आकड्यांत बदलून मेमरीत ठेवतो आणि ठरलेल्या वेळाने तिथून वाचतो. १९८३ साली आलेलं बॉस डीडी-२ हे कॉम्पॅक्ट आकाराचं पहिलं डिजिटल डिले पेडल. त्याच्या आतली चिप रोलँडच्या एसडीई-३००० या रॅक यंत्रातली होती. रूपांतर १२ बिटचं, कमाल वेळ ८०० मिलिसेकंद आणि वर चार नॉब. आजच्या पेडलमध्ये २४ बिट सर्रास असतात, त्यामुळे रिपीट मूळ सुराइतकाच लखलखीत येतो.

आणि तिथेच नवख्याची गल्लत होते. लखलखीत म्हणजे चांगलं, असं वाटतं. एकट्याने वाजवताना तसं वाटतंही. पण रिपीट मूळ सुराइतकाच टोकदार असेल तर कानाला दोन गिटार ऐकू येतात आणि वेगात वाजवलेली ओळ चिखल होते. जुन्या यंत्रांत ही अडचण नव्हती, कारण त्यांना स्वच्छ रिपीट देताच येत नसे. १९५९ चं एकोप्लेक्स किंवा १९७४ चं रोलँड स्पेस एको टेपवर चाले. टेपच्या प्रत्येक फेरीत सुराची धार थोडी झिजायची आणि वेगाच्या बारीक चढउतारामुळे सूर हलकासा डुलायचा. त्यानंतर ‘बकेट ब्रिगेड’ चिप आल्या. आग विझवताना माणसांची रांग बादली हातोहात पुढे देते, तसा या चिपमध्ये विद्युतभार एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकतो. एमएन३००५ या चिपमध्ये असे ४,०९६ टप्पे आहेत. वेळ वाढवायचा तर भार हळू सरकवावा लागतो, आणि हळू सरकवला की सुराची चमक जाते. म्हणून अ‍ॅनलॉग, म्हणजे सूर आकड्यांत न बदलणाऱ्या यंत्राचा, रिपीट गडद असतो.

झीज हा तांत्रिक दोषच. पण संगीतात तो उपयोगी पडतो. गडद रिपीट आपोआप मागे जातो. त्यामुळे डिजिटल पेडल बघताना मोड किती याआधी हे बघा: रिपीटची धार कमी करता येते का? ‘टोन’ नावाचा नॉब असेल तर उत्तम. नसेल तर निदान टेप किंवा अ‍ॅनलॉग नावाचा एक मोड हवा. पहिल्या पेडलसाठी एक स्वच्छ आणि एक गडद, एवढे दोन रंग मला पुरेसे वाटतात. उलटा डिले, सप्तक वर नेणारा शिमर वगैरे मोड ऐकायला फार मोहक असतात. तुमच्या पाच-सहा गाण्यांत ते कुठे येतील हे विचारा आणि प्रामाणिक उत्तर द्या.

एक सापळा. लहान पेडलवर ‘अ‍ॅनलॉगसारखा आवाज’ लिहिलेलं असतं आणि आत बऱ्याचदा पीटी२३९९ ही डिजिटल चिप असते, कराओके यंत्रांच्या एकोमध्ये वापरतात तीच. ती वाईट नाही. छोट्या वेळेला तिचा आवाज ऊबदार आणि गोड असतो. पण साधारण ३५० मिलिसेकंदांच्या पुढे खरखर वाढत जाते. त्यामुळे असं पेडल ऐकताना टाइम नॉब शेवटपर्यंत फिरवूनच ऐका.

४. उभे राहून चालवता येतं का

बॉसच्या कॉम्पॅक्ट पेडलचं माप सुमारे ७३ × १२९ मिलिमीटर. मिनी पेडल याच्या निम्म्याहून लहान जागेत मावतात. पेडल मांडायच्या बोर्डवर जागा वाचते हे खरं, पण मिनी पेडलवर नॉब इतके जवळ असतात की बुटाच्या टोकाने एक हलवताना दुसरा हलतो, आणि बॅटरीला जागाही नसते. ते एकाच सेटिंगवर ठेवून द्यायचं असेल तर मिनी घ्या. गाण्यागणिक बदल करणार असाल तर घेऊ नका.

टाइम नॉबचंही एक गणित आहे. असा नॉब सुमारे ३०० अंश फिरतो. ८०० मिलिसेकंद त्यावर सरळ वाटले तर एका अंशाला तीनपेक्षा कमी मिलिसेकंद येतात. दहा सेकंद तसेच वाटले तर एका अंशाला तेहेतीस. म्हणजे केसभर हात हलला की लय गेली. म्हणून लांब वेळेच्या पेडलवर टप्पे निवडायची सोय किंवा टॅप टेम्पो लागतोच.

टॅप टेम्पो तीन प्रकारे मिळतो. वेगळं टॅप बटण असलेली पेडल थोडी रुंद असतात, पण वापरायला सर्वांत सोपी. एकाच बटणाच्या काही पेडलमध्ये बटण दोनेक सेकंद दाबून धरलं की टॅप सुरू होतो. गाण्याच्या मध्यात हे अवघड जातं. तिसरा प्रकार बाहेरून फूटस्विच जोडण्याचा. इथे नवखे हमखास फसतात. टॅपला ‘मोमेंटरी’ स्विच लागतो, म्हणजे पाय असेपर्यंतच चालू राहणारा. अँपचा चॅनल बदलणारा स्विच बहुधा ‘लॅचिंग’ असतो, एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद. तो जोडला तर बऱ्याचदा एक सोडून एक टॅप मोजला जातो आणि वेळ दुप्पट येतो. स्विच उलट्या पोलॅरिटीचा, म्हणजे दाबल्यावर जोडण्याऐवजी तोडणारा, असला तरी गडबड होते. फूटस्विच घेण्याआधी पेडलच्या माहितीपुस्तिकेत नेमका कोणता चालतो ते वाचा. आणि विभाग निवडायचं बटण कुठे आहे, निवडलेला विभाग उभ्याने दिसतो का, हे माझ्या तालमीची आठवण ठेवून तपासा.

५. पेडलच्या साखळीत जागा ठरवा

ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, म्हणजे सूर मुद्दाम फाडणारी पेडल, वापरत असाल तर डिले त्यांच्या पुढे, म्हणजे अँपच्या बाजूला. आधी सूर फाटतो आणि मग त्याची प्रतिमा परत येते. उलट केलं तर मूळ सूर आणि सगळे रिपीट एकत्र फाटतात आणि गोंगाट होतो.

पण डिस्टॉर्शन पेडलमधून न येता अँपच्याच गेन चॅनलमधून येत असेल, तर गिटार आणि अँप यांच्या मध्ये ठेवलेला डिले आपोआप चुकीच्या जागी पडतो. अशा वेळी अँपच्या मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक आहेत का बघा. असतील तर डिले तिथे लावा. या दोन जॅकमधल्या वाटेला ‘लूप’ म्हणतात, आणि तिथे सिग्नल गिटारपेक्षा मोठा असू शकतो. पेडलला तो पेलत नसेल तर जोरात वाजवल्यावर रिपीट कर्कश फुटतो. लूप ‘पॅरलल’ प्रकारचा, म्हणजे मूळ सूर अँपमध्ये सरळही जाऊ देणारा, असेल तर पेडलमध्ये मूळ सूर बंद करायची सोय लागते. अँपला लूपच नसेल आणि तुम्ही अँपचाच गेन वापरत असाल, तर रिपीट कमी, लेव्हल कमी आणि रंग गडद ठेवा. तेवढ्यावरही छान काम चालतं.

६. बायपास: पेडल बंद करता तेव्हा काय होतं

पेडल बंद केल्यावर शेवटचे रिपीट हळूहळू विरत जातात की कात्रीने कापल्यासारखे थांबतात? विरत जाण्याला ‘ट्रेल्स’ म्हणतात, आणि सोलो संपवून ताल वाजवायला परतताना त्याचं मोल कळतं. ट्रेल्ससाठी पेडल बंद असतानाही आतलं सर्किट जागं असावं लागतं, म्हणजे बफर्ड बायपास (बफर म्हणजे सिग्नलची ताकद टिकवणारं छोटं सर्किट). ‘ट्रू बायपास’मध्ये सिग्नल सर्किटला वळसा घालून जातो, त्यामुळे ट्रेल्स शक्य नसतात.

ट्रू बायपास म्हणजेच उत्तम, असं नवख्यांच्या मनावर बिंबवलं जातं. ते खरं नाही. लांब केबल आणि एकामागून एक ट्रू बायपास पेडल यांनी गिटारची चमक कमी होते. मध्ये एक चांगला बफर असेल तर ती टिकते. डिले साखळीच्या शेवटी बसतो आणि बफरला ही जागा चांगली मानवते. दोन्ही बायपासमधून निवडायची सोय असलेली पेडलही मिळतात.

७. वीज

अ‍ॅनलॉग ओव्हरड्राइव्ह पेडल पाच-दहा मिलिअँपियरवर चालतं. डिजिटल डिले तितक्यावर भागवत नाही. साध्या कॉम्पॅक्ट डिलेला साधारण ५० ते १०० मिलिअँपियर लागतात, मोठ्या प्रोसेसरच्या पेडलना २५० किंवा त्याहूनही जास्त. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी सुमारे ५०० मिलिअँपियर-तासांची असते. ६० मिलिअँपियर ओढणाऱ्या पेडलवर ती एका मोठ्या तालमीपुरती. शिवाय इनपुटमध्ये केबल खोचलेली राहिली तर पेडल बंद दिसत असूनही बॅटरी संपत राहते.

अडॅप्टर घेताना हे जुळायला हवं:

- व्होल्ट तंतोतंत. बहुतेकांना ९ व्होल्ट डीसी. १८ व्होल्टचा अडॅप्टर चुकून लावला तर पेडल जळू शकतं.
- पोलॅरिटी. बहुतेक गिटार पेडलला मधली पिन ऋण लागते. घरातल्या राउटरचा किंवा कीबोर्डचा ९ व्होल्टचा अडॅप्टर अनेकदा उलटा असतो, त्यामुळे पिन बसते म्हणून लावू नका.
- मिलिअँपियर पेडलच्या गरजेइतके किंवा जास्त. जास्त असल्याने काही बिघडत नाही, पेडल हवे तेवढेच ओढतं. कमी पडले तर आवाज तुटतो किंवा पेडल सुरूच होत नाही.

एकाच अडॅप्टरला फाटे फोडून सगळी पेडल चालवली तर डिजिटल पेडलच्या घड्याळाची बारीक शिट्टी सामाईक ग्राउंडमधून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे मोठी होते. मी आठवडाभर या शिट्टीसाठी केबल बदलत बसलो होतो. शेवटी डिलेला स्वतंत्र अडॅप्टर लावला आणि ती त्याच क्षणी गेली.

८. स्टिरिओ, लूपर आणि बाकीचं

दोन अँप किंवा रेकॉर्डिंग इंटरफेस वापरत असाल तर स्टिरिओ घ्या, नाहीतर सोडून द्या. पेडलमधला छोटा लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा फिरवणारी सोय, सरावाला फार कामाचा आहे, पण बऱ्याच कॉम्पॅक्ट पेडलमध्ये लूपर चालू असताना डिले मिळत नाही. यूएसबीवरून नवे आवाज भरता येणं चांगलं; त्यासाठी जास्त पैसे मात्र मोजू नका.

९. ऐकायला जाताना

सोबत न्या: स्वतःची गिटार, दोन केबल, ९ व्होल्टचा योग्य अडॅप्टर, तुमचं नेहमीचं ओव्हरड्राइव्ह, फोनवर मेट्रोनोम आणि गाण्यांच्या लयी लिहिलेला कागद.

आधी पेडल न लावता वाजवा. मग पेडल लावा पण बंद ठेवा, आणि तोच सूर पुन्हा वाजवा. फरक ऐकू येतो का? आता पेडल चालू करून लेव्हल शून्यावर आणा. आवाज कमी-जास्त झाला किंवा सूर पातळ झाला, तर ते पेडल बाजूला ठेवा.

नंतर एक तुटक कॉर्ड वाजवा आणि हाताने तारा लगेच दाबा. शांततेत रिपीट उघडे पडतात: त्यांचा रंग, खरखर, शेवटचा रिपीट स्वच्छ विरतो की तुटतो, सगळं कळतं. रिपीट चालू असतानाच टाइम नॉब फिरवा. काही पेडल टेपसारखा सूर वाकवतात, काही टिकटिकतात. फीडबॅक पूर्ण फिरवून बघा, पण हात लेव्हलवर ठेवून, कारण आवाज झपाट्याने चढू शकतो. मग उभे राहा, मेट्रोनोम लावा, पायाने टॅप करा आणि वाजवत असतानाच पेडल बंद करा. शेवटी वीज काढून पुन्हा जोडा आणि तुमचा टॅप केलेला वेळ लक्षात राहिला का ते बघा.

हे सगळं मोठ्या आवाजात, ओव्हरड्राइव्ह लावूनही एकदा करा. स्वच्छ सुरावर प्रत्येक डिले गोड लागतो.

१०. वापरलेलं पेडल घेत असाल तर

डिले पेडल वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे वापरलेलं घेण्यात कमीपणा नाही. प्रत्येक नॉब फिरवताना कर्र आवाज येतो का बघा. इनपुट आणि आउटपुटमधली केबल हलवा. विजेच्या सॉकेटमधली पिन डगमगत असेल तर भाव कमी करून घ्या किंवा सोडा. बटण वीस वेळा दाबा आणि वीसही वेळा ते लागलं पाहिजे. बॉसची जुनी पेडल घेताना मागचं लेबल वाचा: त्यावर ‘एसीए’ लिहिलं असेल तर ते जुन्या प्रकारच्या अडॅप्टरसाठी बनलेलं आहे, आणि आजच्या स्थिर ९ व्होल्टवर त्याचा दिवा मंद पेटतो.

११. पहिल्या आठवड्याची तीन सेटिंग

स्लॅपबॅक: टाइम १२० मिलिसेकंद, फीडबॅक जवळजवळ शून्य, लेव्हल निम्म्याच्या किंचित खाली. ताल वाजवताना हे लावून ठेवा.

सोलो: टाइम ४०० च्या आसपास, तीन-चार रिपीट, गडद रंग. लेव्हल इतकीच ठेवा की वाजवताना रिपीट जाणवू नयेत, पण पेडल बंद केलं की काहीतरी गेलं असं वाटावं.

पाऊण मात्रा: मेट्रोनोम ११० वर ठेवा, टाइम ४०९, दोन-तीन रिपीट, लेव्हल मूळ सुराच्या जवळ, रंग स्वच्छ. एकाच तारेवर अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सूर समान जोराने वाजवा आणि रिपीटच्या मागे ओढले जाऊ नका, मेट्रोनोम धरून राहा. जमल्यावर नॉबच्या जागेवर पांढऱ्या पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवा.